कॉलनीतल्या ओपन स्पेसची बाग कशी करायची: जागेच्या कागदापासून तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

आमच्या कॉलनीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या बाजूला, एक ओपन स्पेस आहे, ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, म्हणजे सहा गुंठ्यांच्या आसपास. सात वर्षांपूर्वी तिथं घरं बांधताना उरलेला राडारोडा होता, वेडी बाभूळ होती आणि पावसाळ्यात कमरेएवढं गाजरगवत, संध्याकाळी सातनंतर बायामाणसं त्या बाजूनं जायची नाहीत. आता सकाळी साडेपाचला पहिला माणूस येतो आणि रात्री दहाला शेवटचा जातो. मधे जे जे झालं ते चुकांसकट लिहून ठेवतेय, कारण लातूर, नांदेड, जालना, परभणी कुठंही जा, कॉलनीत अशी एक जागा असतेच आणि प्रश्नही हेच असतात, आणि नेटवर जी माहिती सापडते ती बहुतेक पुण्या-मुंबईकडच्या पावसाची असते, आपल्या मुरमाची नसते.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. झाड लावायला दहा मिनिटं लागतात आणि जगवायला तीन उन्हाळे. त्यामुळं झाडं किती, लॉन करायची का, पैसे कुठं घालायचे, माणूस कोण ठेवायचा, काहीही ठरवताना एकच विचारायचं, की मे महिन्यात ह्याला पाणी कोण आणि कुठून घालणार. उत्तर नसेल तर ते काम करू नका, कितीही चांगलं दिसत असलं तरी.

जागा कोणाची आहे ते कागदावर बघा

सगळे म्हणतात "आपलीच आहे की", पण तोंडी काही धरू नका. नियम असा की ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट मंजूर होताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तीच आपली ओपन स्पेस. मंजूर लेआउटच्या नकाशात ती दाखवलेली असते. नगररचना विभागाकडं नकाशाची प्रत मागा, मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, त्यामुळं जागेचा नकाशा एका अर्जात आणि त्या जागेवर आजवर काय खर्च झाला ते दुसऱ्या अर्जात विचारा, एकात कोंबू नका. गुंठेवारीतल्या वस्त्यांमधे बऱ्याचदा अशी जागा सोडलेलीच नसते, तिथं शाळेचं मैदान, मंदिराचं आवार किंवा मशिदीसमोरची मोकळी जागा धरून त्या लोकांशी बोलून काम करावं लागतं.

नकाशा हातात आला की फुटांचा टेप घेऊन जागा मोजा. आमच्याकडं एका बाजूनं दीड मीटर जागा कमी भरली, शेजारच्यांनी पायऱ्या आणि गाडी लावायचा रॅम्प पुढं घेतला होता. त्यांच्याशी भांडायच्या आधी नकाशा दाखवला, चहा पीत पीत बोललो आणि त्यांनी रॅम्प स्वतःहून मागं घेतला. कागद आधी नसता तर ते वर्षभर चाललं असतं.

मग उद्यान विभागाला लेखी पत्र, की ही जागा रहिवासी सांभाळायला तयार आहेत, परवानगी द्या. पत्रावर आवक नंबर आणि शिक्का घ्याच. निदान सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली मंडळ नोंदवता येतं, बँकेत खातं निघतं आणि पैसे कोणाच्या खिशात फिरत नाहीत. दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं खातं काढा, त्यातली एक सही बाईची ठेवा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण बागेत सगळ्यात जास्त वेळ बायका आणि म्हातारी माणसं असतात आणि ठरवायला मात्र तरणी पुरुषमंडळी बसतात.

आठ दिवस नुसतं बघा

हे कोणी करत नाही आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. प्लॅन काढायच्या आधी त्या जागेत जाऊन बसा, सकाळी सहाला, अकराला, दुपारी चारला आणि रात्री आठला. कोण कुठून येतं, पोरं कुठं खेळतात, पाणी कुठं साचतं, कचरा कोणत्या कोपऱ्यात पडतो ते वहीत लिहा. लोकांनी चालून चालून पडलेली पायवाट असते, ती मोडू नका. आमच्याकडं एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दुधाच्या डेअरीकडं जाणारी तिरपी वाट होती, पहिल्या प्लॅनमधे आम्ही ती बंद करून तिथं मेंदीचं कुंपण लावलं आणि दोन महिन्यांत लोकांनी त्या मेंदीतूनच वाट पाडली. शेवटी मेंदी काढून तिथंच मुरमाची वाट केली, आता कोणी झाडांतून जात नाही.

दुसरं, एप्रिलमधे सावली आखून घ्या. क्रिकेटच्या ग्राउंडवर टाकतात ती फक्की एक घमेलं आणा आणि दुपारी चार वाजता शेजारच्या बिल्डिंगची, खांबाची, असलेल्या झाडाची सावली जिथवर येते तिथं रेघ मारा. त्या रेघेच्या आतमधे बेंच. बाहेर बसवलेला बेंच मार्च ते जून कोणी वापरत नाही, लोखंडी किंवा ग्रॅनाइटचा असेल तर संध्याकाळी सातलाही चटका देतो.

साफसफाई

गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटायचं, ओली जमीन असताना, हातात मोजे आणि तोंडाला रुमाल बांधून, कारण त्यानं अंगाला खाज सुटते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. फुलं आल्यावर उपटून नुसतं बाजूला फेकलं तर बी तिथंच पडतं. उपटल्यावर मोकळ्या जमिनीत पावसाळ्याच्या तोंडावर तरोट्याचं बी टाका, म्हणजे ज्याला बाकीचे टाकळा म्हणतात ते, तरोटा दाट उगवतो आणि गाजरगवताला वर येऊ देत नाही, बी फुकट मिळतं.

वेडी बाभूळ वरून तोडली तर दुप्पट फुटते, बुडखा खणून काढावा लागतो. पण कुठल्याही झाडाला कुऱ्हाड लावायच्या आधी परवानगी घ्या. १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा शहरात लागू आहे, वृक्ष अधिकाऱ्याकडं अर्ज करावा लागतो, मोठ्या फांद्या छाटायच्या तरी आधी विचारा. राडारोडा लगेच गाडीत भरून पाठवू नका, विटांचे तुकडे वाटेच्या खाली भरायला लागतात. आणि पालापाचोळा पेटवायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मधे उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितला आहे, पण दंड राहू द्या, तो पाला पुढं आपल्यालाच पाहिजे.

माती: दोन बादल्यांची परीक्षा

आपल्याकडं एकाच कॉलनीत दोन टोकं सापडतात, इकडं चार इंच मातीखाली पिवळा मुरूम नि तिकडं काळी चिकण माती. दोन्हीकडं झाड मरतं, पण वेगवेगळ्या कारणानं. मुरमात पाणी थांबत नाही आणि मुळाला जागा मिळत नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबून मूळ सडतं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून मुळं तुटतात.

म्हणून चार कोपऱ्यांत आणि मधे एक असे पाच खड्डे घ्या, दोन फूट खोल. प्रत्येकात दोन बादल्या पाणी ओता आणि घड्याळ बघा. आमच्या गेटजवळच्या खड्ड्यात पहारीनं खणताना ठिणग्या उडत होत्या एवढा कडक मुरूम होता, पाणी तासाभरात गायब. मागच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात आभाळ दिसत होतं, पाणी तसंच, वर मुंग्या तरंगत होत्या. त्या कोपऱ्यात आम्ही तरीही करंज लावला, कारण रांग सरळ दिसावी म्हणून, आणि ऑगस्टमधे तो पिवळा पडून गेला. उपटून बघितला तर मूळ काळं पडलेलं आणि कुजका वास. तेव्हा जिथं पाणी थांबतं तिथं खड्डा करू नका, मातीचा फूटभर उंच वरंबा करून त्याच्यावर झाड लावा किंवा तो कोपरा पावसाचं पाणी मुरवायच्या शोषखड्ड्याला द्या.

खड्डे एप्रिल-मेमधे खणायचे आणि उन्हात तापू द्यायचे. मुरमात तीन बाय तीन बाय तीन फूट, बऱ्या मातीत दोन फूट पुरे. मुरमाचा खड्डा लहान ठेवला तर झाडाला कुंडीत लावल्यासारखं होतं, दोन वर्षं छान वाढतं आणि मग थांबतं, माणसं म्हणतात झाडच वाईट होतं. भरताना बाहेरून आणलेली काळी किंवा पोयट्याची माती, तीन-चार घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. शेण ताजं नको, वाळवी लागते. खड्डा काठोकाठ भरून वर थोडा उंचवटा ठेवा, पहिल्या पावसात माती बसते.

पाण्याचा हिशोब, हा वहीत उतरवून घ्या

आपल्या शहराचं पाणी पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून पंप करून वर आणलेलं असतं, नळाला रोज येत नाही आणि उन्हाळ्यात लोक टँकरमागं धावतात. लातूरला २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. आपलं संभाजीनगर एकेकाळी मलिक अंबरच्या काळापासूनच्या नहरींवर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या पाटांवर जगलं, पाणचक्कीला आजही बाहेरगावचे पाहुणे नहरीचं पाणी बघायला जातात. अशा मुलखात प्यायचं पाणी गवतावर शिंपडणं मला पटत नाही, आणि हिशोबानंही ते टिकत नाही.

बघा. लॉनला कडक उन्हाळ्यात एका चौरस मीटरला दिवसाला ५ लिटरच्या आसपास पाणी लागतं. आमच्या अर्ध्या जागेत, ३०० चौरस मीटरवर, लॉन केली असती तर दिवसाला १,५०० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचा टँकर साडेतीन दिवसही पुरला नसता. आता दुसरी बाजू. १४ मोठी झाडं, आठवड्यातून दोनदा २० लिटर, झाले ५६०. ३० झुडपं, दोनदा ५ लिटर, झाले ३००. आठवड्याला ८६० लिटर. तोच टँकर जवळजवळ सहा आठवडे जातो, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मृगापर्यंत १८ आठवडे धरले तर तीन टँकर आणि वर थोडं. मीटिंगमधे हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा लॉनचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

टँकरचं पाणी साठवायला सिंटेक्सची टाकी बांधावरच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात ठेवा, खाली दगडी चबुतरा करा, म्हणजे पंपाशिवाय पाणी खाली उतरतं. ड्रिप टाकायचं असेल तर ४ लिटर ताशी ड्रिपर, एका झाडाला दोन, म्हणजे अडीच तासांत २० लिटर. पण उंचावरच्या टाकीचा दाब कमी असतो, प्रत्येक ड्रिपरखाली बाटली धरून तासाला खरंच किती पडतं ते मोजा नि वेळ तशी वाढवा. नुसतं ओलं दिसलं म्हणून सोडून देऊ नका.

ड्रिप जमत नसेल तर मडकं. कुंभाराकडचं न रंगवलेलं, दहा लिटरचं, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात, झाडापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरायचं आणि वर झाकण. झाकण विसरलात तर डास होतात. पाणी जमिनीच्या आत जातं, उन्हानं उडत नाही आणि मूळ खाली खाली ओढलं जातं. आमच्याकडं शाळकरी पोरांना एकेक मडकं वाटून दिलंय, मडक्यावर खडूनं नाव लिहिलेलं असतं.

आणि आच्छादन. आळ्यात वाळलेला पाला तीन-चार इंच जाड पसरायचा, खोडाला न चिकटवता, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. मे महिन्यात एकदा पाला बाजूला करून हात लावून बघा आणि शेजारच्या उघड्या जमिनीला लावून बघा, मग कोणाला समजावून सांगायची गरज पडत नाही.

पावसाचं पाणी फुकट जातंय त्याकडंही बघा. बागेला लागून असलेल्या एका घराची गच्ची १०० चौरस मीटर असेल आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ६०,००० लिटर पाणी पडतं, गळती-बाष्प सोडून ४५ हजारांच्या पुढं हाताला लागतं. सगळं साठवता येत नाही, पण पाइप बागेतल्या शोषखड्ड्यात सोडता येतो, खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. आम्ही दोन घरांचं पाणी असं सोडलंय. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणीही लोक आणून टाकतात, त्यात क्षार जास्त असतात, तेव्हा दुसऱ्या पाण्यात मिसळून टाका आणि एकाच झाडाला सारखं घालू नका.

कुठली झाडं, किती

सहा गुंठ्यांत मोठी झाडं १२ ते १४, बास. दोन झाडांत पाच-सहा मीटर अंतर. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोसाठी ६० खड्डे घेतात, आम्हीही पहिल्या वर्षी ४० घेतले होते, त्यातली ३१ पुढच्या मेमधे वाळली. जी नऊ जगली ती नळाच्या जवळची होती. तेव्हापासून आम्ही दरवर्षी चार-पाचच लावतो.

पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला कडुनिंब आणि करंज, कारण दुपारचं ऊन तिकडून येतं आणि बागेला सावली तेव्हाच पाहिजे असते. हे दोघं आपल्या मुरमात आणि उन्हात सगळ्यात भरवशाचे. मधेमधे बहावा, एप्रिल-मेमधे पिवळे झुंबर लागतात तेव्हा लोक थांबून बघतात. कांचन, आपटा, बकुळ, सीताफळ. बकुळ फार सावकाश वाढते पण म्हाताऱ्या बायका सकाळी खाली पडलेली फुलं ओच्यात वेचतात, तेवढ्यासाठी एक लावाच. सीताफळ तर आपल्या बालाघाटाच्या डोंगरातलं, बीडच्या सीताफळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, कमी पाण्यात येतं आणि शेळी तोंड लावत नाही. तामण राज्यफूल म्हणून सगळे सुचवतात, देखणं आहे, पण त्याला ओल लागते, टाकीच्या गळतीजवळ एखादं लावा, बाकी नको.

वड-पिंपळ मला जिवापाड आवडतात पण सहा गुंठ्यांत नकोत, मुळं ड्रेनेज आणि कंपाउंड वॉलमधे जातात. गुलमोहराच्या फांद्या मृगाच्या वाऱ्यात मोडतात, खाली पोरं खेळतात. उंच सरळ अशोक सावली देत नाही. सप्तपर्णीच्या फुलांचा वास ऑक्टोबरमधे रात्री घराघरात शिरतो आणि बऱ्याच जणांचं डोकं दुखतं. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका, गुजरातनं २०२३ मधे त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

रोप घेताना उंचीकडं बघू नका, खोडाकडं बघा. पाच-सहा फुटांचं, अंगठ्याएवढं जाड खोड, आणि पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं नको. थोडं असेल तर लावताना ते हातानं मोकळं करा, नाहीतर मूळ आयुष्यभर तसंच गोल फिरत राहतं आणि पाच वर्षांनी झाड वाऱ्यानं आडवं होतं. दोन-तीन चांगले पाऊस होऊन फूटभर खाली ओल गेली की लावायचं, पहिल्या सरीला घाई नको, पाऊस ओढ देतो. बांबू रोवून सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधा, एक फेरा बांबूला एक खोडाला, खोड थोडं हललं पाहिजे. आणि ट्री गार्ड लावलं की ते कधी काढायचं तेही वहीत लिहा. आमच्या एका करंजाच्या खोडात लोखंडी जाळीची तार दोन बोटं आत गेली होती, कोणाच्या लक्षातच आलं नाही, ती कापून काढताना सालीसकट निघाली आणि तो व्रण अजून भरतोय.

वाट, बेंच, पोरांची जागा

ठेकेदार पेव्हर ब्लॉक सुचवतात. मी मुरमाच्या वाटेच्या बाजूची आहे. पाणी खाली मुरतं, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना बरं पडतं, तापत कमी आणि खर्चही कमी. खाली विटांचे तुकडे, वर मुरूम चार-चार इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर, मधे किंचित उंच आणि दोन्हीकडं उतार. पाच फूट रुंदी ठेवा, दोन माणसं गप्पा मारत चालतात आणि तिसऱ्याला बाजूनं जाता आलं पाहिजे. कडेनं दोन-दोन मीटर सोडून आमची वाट एका फेरीला ८४ मीटर भरते, बारा फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. गेटवर तसा बोर्ड लावलाय, शुगरवाली माणसं फेऱ्या मोजत चालतात. झाडाच्या बुंध्याभोवती निदान एक मीटरपर्यंत सिमेंट येऊ देऊ नका.

बेंचला पाठ आणि हात पाहिजेत, उंची दीड फूट. हात नसतील तर सत्तरीतल्या माणसाला उठताना शेजाऱ्याला हाक मारावी लागते. एक बेंच गेटजवळ, रस्त्यावरून दिसेल असा, त्याच्यावर बायका संध्याकाळी आधी येऊन बसतात आणि मग आत जातात. गेट चार फुटांचं, पायरी नको, उतार एकास बारा, म्हणजे सहा इंच उंचीला सहा फूट लांब, मग व्हीलचेअर एकट्यालाही चढवता येते. लाइटचा झोत खाली पाडा, समोरच्या घराच्या बेडरूममधे गेला तर महिन्याभरात तो बल्ब फुटलेला सापडतो.

घसरगुंडी. आमची लोखंडी होती, तोंड पश्चिमेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साडेचारला एक चार वर्षांची पोर फ्रॉक घालून घसरली आणि जे किंचाळली ते अजून माझ्या कानात आहे, मांड्या लाल झाल्या होत्या. पळत नळावर नेलं. दुसऱ्या दिवशी वेल्डरला बोलावून घसरगुंडीचं तोंड उत्तरेला फिरवलं आणि वर्षभरानं शेजारच्या निंबाची सावली तिच्यावर आली. तुम्ही आधीच उत्तरेला तोंड ठेवा. खाली काँक्रीट किंवा पेव्हर नको, निदान फूटभर वाळू, आणि दर महिन्याला खोरं मारून ती सैल करा, दबलेली वाळू दगडासारखी लागते.

झोक्याला जागा लई लागते हे कोणी सांगत नाही. झोका ज्या दांडीला टांगलाय ती आठ फूट उंच असेल तर पुढं सोळा आणि मागं सोळा फूट मोकळं पाहिजे. सहा गुंठ्यांत ते परवडत नाही, त्यापेक्षा चढायची जाळी आणि सी-सॉ घ्या. क्रिकेटवाल्या पोरांना हाकलू नका, ती पोरं नाराज झाली की नळाच्या तोट्या जातात. आम्ही त्यांना सहापर्यंत प्लास्टिकच्या बॉलनं एक कोपरा दिला आणि त्या बदल्यात रविवारची टाकी भरायची ड्युटी त्यांच्याकडं दिली, दोन वर्षं झाली, एकदाही चुकली नाही.

पाल्याचा खड्डा आणि पैसे

मागच्या कोपऱ्यात जाळीच्या विटांचा तीन बाय तीन फुटांचा हौद. पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला, ओल हातात घट्ट दाबल्यावर एखादा थेंब निघेल एवढीच. पंधरा दिवसांनी वरखाली करायचा. तीन-चार महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत होतं. निंब फेब्रुवारी-मार्चमधे पानं गाळतो तेव्हा हौद पुरत नाही, मग उरलेलं आच्छादनाला. लोकांना सांगा की प्लास्टिक आणि घरातलं शिळं इथं टाकायचं नाही, उंदीर होतात.

पैसे घरटी महिन्याला १०० रुपये ठेवा, जास्त ठेवले की येत नाहीत. ४० घरं म्हणजे ४,०००, त्यात माळीमामांचा अर्धा दिवस, टाकी-पाइपची दुरुस्ती बसते. हिशोबाचा कागद दर एक तारखेला गेटवर चिकटवा, ग्रुपवर फोटो टाका. आमदार निधी, नगरसेवक निधी यातून ओपन जिम, गेट असं मिळतं, ते घ्या, पण पाण्याची टाकी आधी मागा.

सणवार सांभाळा

गुढीपाडव्याला निंबाचे डहाळे आणि दसऱ्याला आपट्याची पानं. लहान झाड असेल तर एका सकाळी बोडकं होतं. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी माळीमामा आकडीनं मोठ्या निंबाच्या वरच्या फांद्यांमधून डहाळे काढतात आणि गेटवर टोपलीत ठेवतात, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावेत. आपट्याला पाच वर्षं होईपर्यंत दसऱ्याच्या दोन दिवस आधीपासून जाळी बांधतो, पोरं तिथं बसून राखण करतात. गणपतीच्या मंडपाचे खांब झाडापासून दोन मीटर लांब रोवा, मुळावर पहार बसते. होळीला लाकूड कुठून येतंय ते एकदा विचारून घ्या.

तीन उन्हाळे, वेळापत्रक

पहिल्या वर्षी पावसाळ्यात आठ दिवस उघडीप पडली तरी पाणी घालावं लागतं, लोक इथंच फसतात, पावसाळा आहे म्हणून बघत नाहीत. ऑक्टोबर हीटमधे आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदा, फेब्रुवारीपासून दोनदा, मेमधे खोड बारीक असेल तर तीनदा. पश्चिमेकडून खोडाला चुना-गेरू लावा, साल तडकत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पण ४० लिटर, आणि आळं खोडापासून लांब, फांद्यांच्या टोकांखाली सरकवा, मुळं आता तिथं पोचलेली असतात. तिसऱ्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा. मधल्या काळात फांदीच्या टोकाखाली खुरप्यानं वीतभर खणून मूठभर माती घ्या आणि दाबा, गोळा झाला तर चार दिवस थांबा, भुगा झाला तर त्याच संध्याकाळी पाणी. सकाळी दहाला पानं लोंबलेली दिसली तर पाणी कमी पडतंय, दुपारी तीनला लोंबतात त्याला घाबरू नका, उन्हात तशी होतातच, संध्याकाळी उभी राहतात.

तिसरा उन्हाळा संपून मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की मोठ्या झाडांचा पाइप काढा. काढताना प्रत्येक ड्रिपर पाण्यात बुडवून क्षार धुवा, गुंडाळी करून झाकणाच्या ड्रममधे ठेवा, उघडा ठेवला तर उंदीर कुरतडतात. आमचा निंबांचा पाइप गेल्या जूनमधे निघाला, तो आता मागच्या वरंब्यावर लावलेल्या चार नव्या बहाव्यांना लागलाय.